आखूड नाक लांब करून घ्यायचंय? सुरुवात इथून करा

मराठीत सरळ, नाजूक नाकाला चाफेकळी म्हणतात आणि शेंड्याला वर उचललेल्या आखूड नाकाला अपरं. पहिला शब्द कौतुकात येतो, दुसरा चिडवण्यात. वर 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं' हे ऐकवणारं कुणीतरी भेटतंच. त्यामुळे नाक लांब करून घ्यावं असं एखाद्याच्या मनात आलं, तर मला त्यात नवल वाटत नाही.

प्लास्टिक सर्जरी विभागात ऑपरेशनआधी पेशंटशी बोलणं हे माझं काम. मी डॉक्टर नाही. पण डॉक्टरांच्या खोलीतून गोंधळून बाहेर आलेली माणसं माझ्यासमोर बसतात आणि तेच प्रश्न पुन्हा विचारतात. हा लेख त्या प्रश्नांवर उभा आहे. तुमच्या नाकाचा निर्णय तपासणारे सर्जनच घेतील. त्यांच्यासमोर बसल्यावर काय चाललंय ते तुम्हाला कळावं, एवढ्यासाठी हे लिहितेय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. मोठं नाक लहान करणं आणि आखूड नाक लांब करणं ही एकाच कामाची दोन टोकं नाहीत. सैल झगा कुणीही आत घेऊन देईल. आखूड बाही लांब करायची म्हटली की शिंपी आधी शिवण उलटून बघतो, आत माया ठेवली आहे का. माया असेल तर बाही उतरते, नसेल तर दुसरं कापड जोडावं लागतं. नाकाचंही तसंच. आतला सांगाडा वाढवता येतो. त्यावरची कातडी आणि आतलं अस्तर किती पुरतं यावर सगळं अडतं.

आधी मोजा: नाक खरंच आखूड आहे का?

हातातल्या फोनने काढलेला सेल्फी बाजूला ठेवा. २०१८ साली अमेरिकेतल्या बोरिस पास्खोव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणित मांडून दाखवलं, की ५ फुटांवरून दिसतं त्यापेक्षा १२ इंचांवरच्या सेल्फीत नाकाचा पाया सुमारे ३० टक्के रुंद दिसतो. त्यात फोन हनुवटीच्या खाली धरला असेल तर कुणाच्याही नाकपुड्या पुढे येतात आणि चांगलं नाकही अपरं दिसायला लागतं.

फोटो दुसऱ्या कुणाकडून तरी काढून घ्या. अंतर ५ फूट, कॅमेरा नाकाच्या उंचीवर, जवळ येण्याऐवजी थोडा झूम. मान अशी ठेवा की कानाच्या भोकापासून डोळ्याच्या खोबणीच्या खालच्या कडेपर्यंतची रेषा जमिनीला समांतर राहील. हनुवटी थोडी वर गेली तरी शेंडा उचललेला दिसतो आणि मापं चुकतात. समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक, दोन्हीकडून तिरके आणि एक खालून, असे सहा फोटो. ते जपून ठेवा, शेवटी परत लागतील.

आता बाजूचा फोटो बघा. नाक कुठून सुरू होतं? कपाळ संपून जिथे खोलगट भाग येतो, ते नाकाचं मूळ. ते साधारण वरच्या पापणीच्या केसांच्या किंवा घडीच्या पातळीवर असतं. काहींचं ते बरंच खाली, बुबुळाच्याही खाली असतं. अशा वेळी शेंडा जागेवर असूनही नाक आखूड वाटतं, कारण ते उशिरा सुरू होतं. मग वरचा ओठ आणि नाकपुड्यांमधला खांब यांच्यातला कोन बघा. बायकांमध्ये तो साधारण ९५ ते ११० अंश असतो, पुरुषांमध्ये ९० ते १००. तो १२० च्या आसपास गेला की शेंडा वर फिरलेला असतो आणि समोरून नाकपुड्यांची भोकं दिसतात. तिसरी गोष्ट, नाक पुढे किती आलंय. गालापासून शेंड्यापर्यंतचं अंतर नाकाच्या लांबीच्या साधारण ०.५५ ते ०.६० पट असलं की प्रमाण बरं दिसतं. त्यापेक्षा पुढे आलेलं नाक, लांबी ठीक असूनही, आखूड भासतं.

हे आकडे साचा नव्हेत. चेहऱ्याची ठेवण, वंश, उंची यानुसार ते बदलतात. कोन ११३ आला म्हणून कुणी आजारी ठरत नाही.

एक मुलगी माझ्याकडे आली होती. मोबाइलमध्ये साठेक सेल्फी, सगळे खालून काढलेले. शेंडा खाली आणायचा हे तिचं ठरलेलंच होतं. नीट फोटो काढल्यावर कोन निघाला १०५. शेंड्याची काही तक्रारच नव्हती, मूळ बसकं होतं. तिचं काम नाकाच्या वरच्या टोकाला होतं आणि ती बोट ठेवत होती खालच्या टोकावर. शेंडा ओढून खाली आणला असता, तर नाक ओठावर लोंबलं असतं.

ते आखूड का आहे?

जन्मतःच तशी ठेवण असेल तर कातडी आणि अस्तर निरोगी असतात. सगळ्यात सोपा गट हा. आधीच्या ऑपरेशनमध्ये पडद्याची (नाकाच्या दोन पोकळ्यांमधल्या भिंतीची) पुढची कड किंवा शेंड्याची कूर्चा, म्हणजे लवचिक मऊ हाड, जरुरीपेक्षा जास्त कापली गेली असेल, तर नाक वर ओढलं जातं आणि आतल्या व्रणांमुळे तिथेच जखडतं. मार लागल्यावर पडद्यात रक्त साकळलं आणि ते वेळेत काढलं नाही, तर पडद्याची कूर्चा विरघळते, मग नाक मध्ये खचतं आणि शेंडा वर जातो. सिलिकॉनचा तुकडा बसवलेल्या नाकात जंतुसंसर्ग झाला, तर त्याभोवतीचं आवरण आक्रसून अख्खं नाक आखडतं. याला आकुंचित नाक म्हणतात आणि दुरुस्तीच्या कामांत ते फार अवघड मानतात.

शिवाय काही आजार: कुष्ठरोग, रक्तवाहिन्यांना सूज आणणारा ग्रॅन्युलोमॅटोसिस, कोकेन ओढण्याची सवय. यांत पडदा आतून झिजतो. आजार शांत झाल्याशिवाय आणि सवय सुटल्याशिवाय नाकाला हात लावण्यात अर्थ नाही, कारण नवी कूर्चाही त्याच वाटेने जाईल. बाइंडर सिंड्रोममध्ये तर वरचा जबडाच मागे असतो आणि नाकाचा खांब तोकडा असतो. तिथे आधी जबड्याचं बघायचं की नाकाचं, हा प्रश्न दातांच्या आणि जबड्याच्या डॉक्टरांना सोबत घेऊनच सुटतो.

डॉक्टरांना सगळं सांगा. नाकात पूर्वी फिलर, म्हणजे सुईने भरायचं भर देणारं जेल, घेतलं होतं हे लपवणारे दर महिन्याला एखाददुसरे भेटतात. लाज वाटते म्हणे. ऑपरेशन टेबलावर कातडीखाली ते सापडतंच, फक्त तेव्हा आखलेला बेत ऐनवेळी बदलावा लागतो.

माया किती आहे?

तपासणीत सर्जन एक साधी गोष्ट करतात, ती नीट बघा. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत नाकाचा शेंडा धरतात आणि हळूच ओठाकडे ओढतात. न ऑपरेशन झालेलं नाक मऊपणे खाली येतं, सोडलं की परत जातं. दोनदा कापलेल्या नाकात ती चिमूट जागची हलत नाही. कातडी पांढरी पडते, शेंडा मात्र तिथेच. शिंप्याने शिवण उलटून बघितली, ती हीच. माझ्या मते पूर्ण तपासणीतले हे चार सेकंद सगळ्यात मोलाचे.

नाक तीन थरांचं असतं: बाहेर कातडी, मध्ये हाड आणि कूर्चेचा सांगाडा, आत श्लेष्मल त्वचेचं अस्तर. पेशंट बाहेरचा थर बघतो, चर्चा मधल्या थराची होते आणि अस्तराला सगळेच विसरतात. सांगाडा पुढे ढकलला आणि अस्तर तोकडं राहिलं, तर नाकपुडीची कड वर चढते किंवा टाके ताणून जखम उघडते. काही सर्जन आखडलेल्या नाकाच्या पेशंटला ऑपरेशनआधी काही महिने कातडी हाताने खाली ताणायला सांगतात. आपल्या मनाने हे सुरू करू नका.

कातडीची जाडीही महत्त्वाची. जाड, तेलकट कातडीखाली केलेलं बारीक काम दिसत नाही आणि सूज लवकर उतरत नाही. पातळ कातडीत उलटं: कूर्चेची प्रत्येक कड पुढे उमटते.

पर्याय, कमी दांडगे आधी

*काहीच न करणं.* हाही पर्याय आहे. लांबी वाढवण्याचं वचन देणाऱ्या चिमट्यांवर आणि व्यायामांवर मात्र पैसे घालवू नका. मोठ्या माणसाची कूर्चा दाबून किंवा ओढून वाढत नाही.

*फिलर.* हायल्युरोनिक ॲसिडचं जेल सुईने भरतात. मूळ बसकं असेल तर तिथे थोडं भरल्यावर नाक वरून सुरू झाल्यासारखं दिसतं, म्हणजे लांब भासतं. भूल नको, पट्टी नको, परिणाम त्याच दिवशी. टिकतं सहा महिने ते दीड वर्ष, माणसागणिक वेगळं. वर फिरलेला शेंडा मात्र याने खाली येत नाही. जेल भर घालतं, ताण पेलत नाही.

आता हे नीट वाचा, कारण फिलरला लोक फार हलक्यात घेतात. नाकावरच्या बारीक धमन्या डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीशी जोडलेल्या असतात. जेल चुकून धमनीत गेलं तर कातडी मरू शकते, दृष्टी जाऊ शकते. हे क्वचित घडतं. तरी फिलरमुळे अंधत्व आल्याच्या नोंदी ज्या जागांच्या आहेत, त्यांत नाक अगदी वरच्या रांगेत आहे. टोचल्यावर कातडी पांढरीफटक पडली, जाळीसारखे जांभळट डाग उमटले, न सोसणारी कळ आली किंवा डोळ्यापुढे अंधारी आली तर घरी जाऊन शेकत बसायचं नाही, तिथेच थांबून उपचार मागायचे. हायल्युरोनिडेज नावाचं विकर हे जेल विरघळवतं, आणि ते त्या खोलीत तयार हवं. 'तुमच्याकडे ते आहे का' हे आधीच विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला तर उठून या. ऑपरेशन झालेल्या नाकात रक्तपुरवठ्याची वाट बदललेली असते, म्हणून धोका आणखी वाढतो. न विरघळणारं, कायमचं फिलर नाकात कधीच नको.

*धागे.* विरघळणारे काटेरी धागे शेंड्यात घालून आकार देतात. परिणाम थोडे दिवस टिकतो, धागा कातडीतून बाहेर येण्याची भीती असते. लांबी वाढवायला मला हे पटत नाही.

*मुळाशी कलम.* इथून शस्त्रक्रिया सुरू होते. मूळ बसकं असणाऱ्यांसाठी नाकाच्या कण्याच्या वरच्या टोकाला कूर्चेचं कलम, म्हणजे दुसरीकडून काढलेला तुकडा, ठेवतात. अखंड तुकडा ठेवला तर कडा उमटण्याची भीती, म्हणून बरेच सर्जन कूर्चा अर्ध्या-एक मिलिमीटरच्या बारीक फोडींत चिरतात आणि कानाच्या वरच्या भागातून घेतलेल्या स्नायूच्या पातळ आवरणात गुंडाळून ठेवतात. २००४ मध्ये डॅनियल आणि काल्व्हर्ट या सर्जननी या रीतीवर लिहिलं आणि ती रुळली. त्याआधी २००० मध्ये एरोल या सर्जननी विरघळणाऱ्या जाळीत गुंडाळलेल्या फोडी वापरल्या होत्या आणि त्या पद्धतीला 'टर्किश डिलाइट' असं मिठाईचं नाव दिलं होतं. शल्यचिकित्सकांनाही गोडाचं वेड असतं.

*शेंड्यावर कलम.* ढालीच्या आकाराचा किंवा टोपीसारखा कूर्चेचा तुकडा शेंड्याच्या पुढच्या-खालच्या बाजूला बसवतात. शेंडा थोडा खाली आल्यासारखा दिसतो. फरक एक-दोन मिलिमीटरचा हवा असेल तेव्हा हे पुरतं.

*पडदा वाढवणं.* खऱ्या अर्थाने नाक लांब करणारं काम हे. नाकाच्या दोन पोकळ्यांमधल्या पडद्याच्या पुढच्या कडेला कूर्चेची पट्टी जोडतात आणि शेंड्याच्या कूर्चेच्या दोन्ही कमानी वरून सोडवून त्या नव्या कडेवर, खाली आणि पुढे, शिवतात. म्हणजे तंबूचा खांबच पुढे सरकवला. याला सेप्टल एक्स्टेन्शन ग्राफ्ट म्हणतात. बर्ड हे सर्जन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये त्याचे प्रकार नीट मांडले. काही वेळा कण्याच्या दोन्ही बाजूंना लांब पट्ट्या, म्हणजे एक्स्टेंडेड स्प्रेडर ग्राफ्ट, घालतात आणि त्यांच्या पुढे आलेल्या टोकांमध्ये शेंड्याचा खांब पकडतात. पट्टी एका बाजूला जोडली आणि आधार कमी पडला तर शेंडा वाकडा होतो. म्हणून ती मधोमध कशी ठेवणार, हे सर्जनना विचारायला लाजू नका.

या कामाची एक किंमत आहे, ती आधी सांगत नाहीत म्हणून पेशंट नंतर चिडतात. शेंडा ताठ होतो. पूर्वी बोटाने दाबला की आत जायचा, तो आता जात नाही. हसताना नाक खाली येत नाही, वरचा ओठ काही महिने ओढल्यासारखा वाटतो. एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, 'मी कुशीवर झोपल्यावर उशीला नाक आधी लागतं, हे असंच राहणार का?' बरंचसं असंच राहणार होतं. थोडी सवय होते, थोडा ताठरपणा कमी होतो; मूळचा मऊपणा परत येत नाही.

*अस्तर कमी पडलं तर.* कानाच्या खोलगट भागातून कातडीसकट कूर्चेचा तुकडा घेऊन नाकपुडीच्या आत बसवतात. याला कंपोझिट ग्राफ्ट म्हणतात. पहिले काही दिवस त्याला स्वतःची रक्तवाहिनी नसते, आजूबाजूने रक्त पाझरेल त्यावर तो तगतो. म्हणून तो फार मोठा घेता येत नाही, आणि धूम्रपान करणाऱ्याच्या नाकात तो दगावण्याची शक्यता जास्त.

*कृत्रिम तुकडे.* सिलिकॉन, गोअर-टेक्स, सच्छिद्र पॉलिथिलीन. दुसरीकडे कापायला नको, आकार तयार मिळतो. पण शेंड्याला ताण असतो, कातडी पातळ असते, आणि ताणाखाली ठेवलेला परका तुकडा वर्षांनंतरही बाहेर डोकावू शकतो. कण्यावर काही सर्जन ते वापरतात. शेंडा लांब करायला आपलीच कूर्चा बरी, असं मत मी जास्त वेळा ऐकलंय.

कूर्चा कुठून आणायची?

पहिली पसंती नाकाच्याच पडद्याला. सरळ, सपाट, घट्ट, आणि त्याच जखमेतून मिळते. मात्र नाक उभं राहावं म्हणून वरच्या आणि पुढच्या कडेला इंग्रजी 'एल'च्या आकाराची किमान १ सेंटीमीटर रुंद चौकट मागे ठेवावीच लागते. आखूड नाकात पडदा मुळात लहान, त्यातून उरतं ते थोडकंच. आधी ऑपरेशन झालं असेल तर बहुधा काहीच उरलेलं नसतं.

कानाची कूर्चा घेतल्यावर कानाचा आकार सहसा बदलत नाही, व्रण मागे लपतो. पण ती मऊ आणि वळणदार. शेंड्यावर छान बसते, खांब म्हणून कमकुवत.

मग बरगडी. छातीच्या खालच्या भागातल्या सहाव्या ते आठव्या बरगडीचा कूर्चेचा भाग भरपूर आणि भक्कम मिळतो. आखडलेल्या नाकात बहुतेक वेळा तिथेच जावं लागतं. तिचा स्वभाव मात्र वाकण्याचा. म्हणून सर्जन पट्ट्या कापून मिठाच्या पाण्याच्या वाटीत टाकतात आणि थांबतात. अर्ध्या तासात जी सरळ राहिली ती खांबाला, जी वळली तिच्या फोडी करायच्या किंवा दुसरीकडे वापरायची. कापताना गाभ्याचा भाग समतोल ठेवला तर ती कमी वळते. छातीवर काही सेंटीमीटरचा व्रण राहतो, पहिला आठवडा खोकताना आणि हसताना दुखतं, आणि फुप्फुसाच्या आवरणाला इजा होऊन हवा साचण्याचा एक क्वचित धोका असतो. वय वाढलं की बरगडीची कूर्चा हाडासारखी कडक होत जाते. चाळिशी-पन्नाशीच्या पेशंटचा म्हणून आधी सीटी स्कॅन करून बघतात. काही ठिकाणी दात्याची, किरणोत्साराने निर्जंतुक केलेली बरगडीही वापरतात. छाती कापायला लागत नाही, काळानुसार ती विरघळण्याची शक्यता मात्र आपल्या कूर्चेपेक्षा जास्त धरतात.

सर्जनना काय विचाराल?

प्लास्टिक सर्जन किंवा चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेचं वेगळं शिक्षण घेतलेले कान-नाक-घसा सर्जन, दोघंही हे काम करतात. पाटीपेक्षा अनुभव बघा, आणि तोही नाक लांब करण्याचा. नाक लहान करण्यात हात बसलेला माणूस इथे नवखा असू शकतो.

विचारा: माझं मूळ बसकं आहे की शेंडा वर आहे? कूर्चा कुठून घेणार, आणि तिथे कमी निघाली तर? किती मिलिमीटरची अपेक्षा धरू? श्वासावर परिणाम होईल? पुन्हा करावं लागलं तर कधी, आणि तो खर्च कुणाचा? वर्षानंतरचे, बाजूने काढलेले फोटो मागा. महिन्याभराच्या फोटोत सुजेनेही नाक लांब दिसतं. एकदा केलेल्या नाकावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के सांगतात. 'माझ्याकडे असं कधीच होत नाही' म्हणणाऱ्याकडून मी तरी करून घेणार नाही.

संगणकावर तुमचं नवं नाक दाखवतील. ते बोलण्यासाठी चांगलं साधन आहे, करारपत्र नव्हे. माउसला कातडीची माया मोजता येत नाही.

वयाचं म्हणाल तर नाकाची वाढ थांबेपर्यंत थांबतात: मुलींमध्ये साधारण १५ ते १७, मुलांमध्ये १७-१८. आधीचं ऑपरेशन झालं असेल तर त्यानंतर किमान वर्ष जाऊ द्यावं लागतं.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येकाला विचारते: दिवसातून किती वेळ नाकाचा विचार करता? तासन्तास आरशासमोर जात असतील, घराबाहेर पडणं टळत असेल, आधीच्या दोन ऑपरेशनांनंतरही तीच बेचैनी असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणं बरं. शरीरातल्या दोषाचा असा ध्यास हा ओळखीचा आजार आहे, त्याच्यावर उपचार आहेत, आणि चाकूने तो बरा होत नाही.

तयारी

धूम्रपान, तंबाखू, निकोटिनचं च्युइंगगमसुद्धा, आधी किमान चार आठवडे आणि नंतरही तितकेच दिवस बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि ताणलेली कातडी, कलम दोन्ही त्यावरच जगत असतात. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, माशाच्या तेलाच्या आणि व्हिटॅमिन ईच्या गोळ्या, लसणाच्या कॅप्सूल यांनी रक्तस्राव वाढू शकतो. घेत असलेल्या सगळ्याची यादी द्या. हृदयासाठी दिलेलं औषध मात्र ते देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर तेही सांगा. सर्दी, सायनसची कुरबुर चालू असेल तर तारीख पुढे ढकला.

घरी उंच उश्या, बटणांचे शर्ट आणि पहिल्या रात्री सोबतीला एक माणूस. डोक्यातून घालायचा टी-शर्ट पट्टीला अडकला की काय होतं ते विचारू नका.

ऑपरेशनचा दिवस

बहुतेक वेळा पूर्ण भूल देतात. दोन ते चार तास, बरगडी घ्यायची असेल तर जास्त. लांबी वाढवताना उघडी पद्धत वापरायचा कल असतो: नाकपुड्यांमधल्या खांबावर लहानसा तुटक छेद घेऊन कातडी वर उचलतात, म्हणजे सांगाडा समोर दिसतो. तो व्रण वर्षभरात बहुतेकांच्या बाबतीत शोधावा लागतो.

पहिले पंधरा दिवस

दुखण्यापेक्षा कोंडल्यासारखं जास्त वाटतं. तोंडाने श्वास घ्यावा लागतो, घसा सुकतो, झोप तुकड्यातुकड्यांत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोळ्यांभोवतीची सूज सगळ्यात जास्त. त्या दिवशी आरसा टाळा. डोकं उंच ठेवून झोपा. बर्फ गालावर आणि डोळ्यांवर, नाकावर नको. नाक शिंकरायचं नाही, दोन-तीन आठवडे तरी. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका. सांगितलं असेल तसं मिठाच्या पाण्याने धुवा. खांबावरचे टाके पाच ते सात दिवसांत, वरची पट्टी साधारण आठवड्याने निघते.

पट्टी निघते त्या दिवसाबद्दल सावध करते. खाली दिसतं ते नाक सुजलेलं, रुंद, ठरवल्यापेक्षा लांब. हातात आरसा देताना मी नेहमी सांगते, 'हे तुमचं नाक नाही, त्याचं पार्सल आहे.' तरी बरेच जण रडतात. एकीची आई माझ्यावरच ओरडली होती, मुलीचा चेहरा बदलला म्हणून. सहा महिन्यांनी त्याच बाई दुसऱ्या भाचीला घेऊन आल्या.

यांपैकी काही झालं तर लगेच फोन करा, रात्र असली तरी: न थांबणारा रक्तस्राव, ताप, वाढता लालसरपणा किंवा पू, शेंड्याची कातडी काळसर पडणं, नजर धूसर होणं, नाकातून पाण्यासारखा स्राव टपकत राहणं. दोन्ही नाकपुड्या एकदम गच्च होऊन ठणका वाढला तर पडद्यात रक्त साकळलेलं असू शकतं, आणि ते राहू दिलं तर नवा खांबच विरघळतो. बरगडी घेतली असेल आणि छातीत कळ येऊन धाप लागली, तर वाट न बघता रुग्णालय गाठा.

पुढचं वर्ष

दोन आठवड्यांत निळेपणा जातो, लोकांत मिसळता येतं. चालणं पहिल्या दिवसापासून. वजनं उचलणं महिनाभर नको. चेंडू किंवा कोपर लागेल असे खेळ किमान सहा आठवडे, शक्यतो तीन महिने नको. चष्मा चार ते सहा आठवडे कण्यावर टेकवायचा नाही, कपाळाला टेपने लटकवा किंवा लेन्स वापरा. व्रणाला उन्हापासून जपा.

सूज वरून खाली उतरते: मूळ आधी, शेंडा सगळ्यात शेवटी. जाड कातडीत वर्ष, कधी दीड वर्ष. शेंडा काही महिने बधिर असतो. लांबीतली थोडी घट सुरुवातीला दिसते; सर्जन ती धरूनच अंदाज बांधतात, म्हणून 'नाक परत आखडतंय' असं वाटून दर आठवड्याला मापं घेऊ नका. सूज रेंगाळली तर रात्री लावायची टेप किंवा स्टिरॉइडचं बारीक इंजेक्शन डॉक्टर सुचवू शकतात.

मापं घ्यायचीच असतील तर तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात घ्या. तीच भिंत, तेच ५ फूट, कॅमेरा नाकाच्या उंचीवर, कान आणि डोळ्याची रेषा जमिनीला समांतर. सुरुवातीचे सहा फोटो शेजारी ठेवा आणि डॉक्टरांकडे जाताना बारा फोटो घेऊन जा. सेल्फी घरी ठेवा.